दादासाहेब फाळके : निःशब्द पटाचे कथालेखन

१

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात धुंडिराज गोविंद फाळके यांना लेखक म्हणून सहसा स्थान मिळत नाही. त्यांचे नाव घेतले जाते ते भारतीय चित्रपटाचे जनक, कुशल छायाचित्रकार, मुद्रक आणि पडद्यावर चमत्कार घडवून आणणारे कारागीर म्हणून. या गौरवात असत्य काहीच नाही. तथापि त्यामुळे एक प्रश्न विचारावयाचा राहून गेला आहे. ज्या काळी पडदा मुका होता, त्या काळी त्या पडद्यासाठी कथा रचणाऱ्या मनुष्याने नेमके काय लिहिले? संवाद नाहीत, पदे नाहीत, निवेदकाचा आवाज नाही; मग लेखनाचा भाग उरतो कोणता?

हा प्रश्न केवळ चित्रपटाच्या अभ्यासकाचा नाही. भाषेच्या अभ्यासकालाही तो टाळता येणार नाही, कारण कथन आणि भाषा यांचा संबंध अपरिहार्य आहे, असे आपण बहुधा गृहीत धरून चालतो. फाळक्यांची कारकीर्द या गृहीताची कसोटी पाहते. त्यांच्या चित्रपटांना संहिता होती, आणि ती शब्दांत नसून प्रेक्षकाच्या स्मृतीच्या आधारे रचलेली होती, हे येथे दाखवावयाचे आहे. त्यांचे सामर्थ्य त्या आधारात होते. त्यांची मर्यादाही तेथेच होती.

२

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळ त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईचे जे. जे. कलाविद्यालय, बडोद्याचे कलाभवन, गोध्रा येथील छायाचित्रणाचा व्यवसाय, पुराणवस्तू खात्यातील आरेखकाची नोकरी, लोणावळ्याच्या परिसरातील रविवर्मा मुद्रणालयाशी आलेला संबंध आणि पुढे स्वतःचा छापखाना, असा त्यांचा चाळीस वर्षांपर्यंतचा प्रवास आहे. यात लेखनाचे शिक्षण कोठेच दिसत नाही. दिसते ते चित्र घडविण्याचे आणि चित्राच्या अनेक प्रती काढण्याचे शिक्षण. रविवर्म्याच्या देवदेवतांची रंगीत चित्रे त्या काळी घरोघरी भिंतीवर लागली होती. एखाद्या स्त्रीच्या हाती वीणा दिसताच ती सरस्वती हे ओळखण्यास अक्षर वाचावे लागत नव्हते. चित्रातील खुणेवरून कथा ओळखावयाची, हा वाचनाचा एक प्रकार समाजात अगोदरच रुळलेला होता. फाळक्यांनी छापखान्यात शिकलेली पहिली लिपी हीच म्हणावी लागेल.

१९११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्रावरील चित्रपट पाहिला. १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात लिहिलेल्या लेखांत त्यांनी या अनुभवाची हकीकत सांगितली आहे. पडद्यावर ख्रिस्ताचे जीवन सरकत असता त्यांच्या मनःचक्षूंपुढे राम, कृष्ण, अयोध्या व गोकुळ उभे राहिले, असा त्या हकीकतीचा आशय आहे. चित्रपटसृष्टीचा जन्मक्षण म्हणून हा प्रसंग वारंवार सांगितला जातो, आणि त्यावर राष्ट्रभावनेचा रंग चढविला जातो. परंतु त्यातील लेखनक्रिया लक्षात घेतली पाहिजे. वाक्याची रचना कायम ठेवून एका पदाच्या जागी दुसरे पद घालून पाहावे, तशी ही क्रिया आहे. जन्म, बाललीला, चमत्कार, छळ आणि अंती दैवी साक्षात्कार, ही घटनांची साखळी जशीच्या तशी राहते. तिच्यातील नामे बदलतात. परक्या भाषेचे व्याकरण ओळखून त्यात स्वभाषेचे शब्द बसविणाऱ्याची ही दृष्टी आहे.

३

फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला गेले, तेथे सेसिल हेपवर्थ यांच्या चित्रशाळेत त्यांनी निर्मितीची पद्धत पाहिली, आणि कॅमेरा व इतर साहित्य घेऊन ते परतले. परतल्यावर त्यांनी जो पहिला प्रयोग केला त्याचा विषय पौराणिक नव्हता. कुंडीत पेरलेल्या वाटाण्याच्या दाण्यातून रोप वाढते, एवढाच तो विषय. ठराविक अंतराने एकेक चित्र घ्यावयाचे आणि ती सलग दाखवावयाची, की अनेक दिवसांची वाढ क्षणांत डोळ्यांपुढे घडते. ‘अंकुराची वाढ’ या नावाने हा लघुपट ओळखला जातो.

या प्रयोगाकडे भांडवल मिळविण्यासाठी केलेले प्रात्यक्षिक म्हणून पाहिले जाते, आणि तसे ते होतेही. तरीही कथनाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व अधिक आहे. काळ संक्षिप्त करणे हे प्रत्येक कथाकाराचे पहिले काम. मराठी कथाकार “काही दिवस लोटले” असे लिहितो आणि मधला काळ गाळतो. फाळक्यांनी हे वाक्य कॅमेऱ्याने लिहिले. ज्या पात्राची ही कथा आहे ते पात्र म्हणजे एक कोंब. त्याला स्वभाव नाही, वाणी नाही. तरीही आरंभ, वाढ आणि पूर्तता आहेत.

१९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात हाच प्रयोग पुढे गेला. निर्जीव काड्या किंचित हलवून प्रत्येक अवस्थेचे चित्र घ्यावयाचे व काड्यांना चालते करावयाचे, ही त्यामागील रीत. आज ज्यास सचेतपट म्हणतात त्याचा हा भारतातील अगदी आरंभीचा नमुना होय. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्ये काड्यांचाच असा चित्रपट केला होता, म्हणून कल्पनेच्या नावीन्याचे श्रेय फाळक्यांस देता येणार नाही. जपानमध्ये प्रदर्शित झालेले पहिले सचेतपट १९१७ चे. ज्युनिची कोउची यांचा बोथट तलवारीवरचा विनोदी लघुपट त्यांपैकीच. म्हणजे ज्या कलेसाठी जपान पुढे जगभर ओळखला गेला, तिचा आरंभ तेथे होत होता त्याच दशकात फाळके काड्यांना चालवीत होते.

पुढे दोन्ही देशांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्याचे एक कारण भाषेशी निगडित आहे. जपानी मूकपटगृहात पडद्याशेजारी ‘बेन्शी’ नावाचा निवेदक बसे. तो पात्रांचे संवाद बोले, प्रसंगाचा अर्थ लावी, प्रेक्षकास हसवी व रडवी. तेथे चित्रपटाची संहिता दोन ठिकाणी वाटली गेली होती, पटावर आणि बेन्शीच्या मुखात. महाराष्ट्रात चित्रे दाखवीत कथा सांगणारे चित्रकथी होते, आख्यान लावणारे हरिदास होते. परंतु चित्रपटगृहात त्यांना बेन्शीसारखे पक्के स्थान मिळाले नाही. त्यांची कथा मात्र प्रेक्षकाच्या मनात अगोदरच जाऊन बसली होती. फाळक्यांना निवेदक पडद्याशेजारी बसवावा लागला नाही, कारण तो प्रेक्षकाच्या आत होता.

४

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. आज त्याची आरंभीची व अखेरची रिळे तेवढी उपलब्ध आहेत, आणि तीही १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या आवृत्तीची असावीत असे काही अभ्यासकांचे मत आहे. उपलब्ध प्रतीतील पाट्या इंग्रजी व हिंदी अशा दोन भाषांत आहेत. १९११ च्या जनगणनेनुसार हिंदुस्थानात साक्षरांचे प्रमाण शेकडा सुमारे ६ होते. पाट्या कोणत्याही भाषेत लिहिल्या तरी बहुसंख्य प्रेक्षकास त्या निरुपयोगी होत्या, ही गोष्ट कथालेखकास विसरून चालणार नव्हती.

उपलब्ध भागाचा आरंभ राजकुटुंबाच्या दृश्याने होतो. राजा पुत्रास धनुर्विद्या शिकवीत आहे, राणी जवळ आहे, नगरजन भोवती आहेत. पात्रांची ही मांडणी रविवर्म्याच्या चित्राची आठवण करून देते. या चौकटीत कथेची तीन पदे एकत्र दिली आहेत: राज्य, पत्नी आणि पुत्र. कथेत पुढे राजा जे गमावणार ते सर्व त्याच्या भोवती प्रथमच उभे आहे. ज्यास कथा ठाऊक आहे त्याच्या मनात या सुखचित्रानेच करुणेची सुरुवात होते. ज्यास ती ठाऊक नाही त्यास हे केवळ एक सुखी कुटुंब दिसते. मग शिकार, अरण्यात ऐकू आलेला आक्रोश, विश्वामित्राच्या यज्ञात राजाने आणलेला व्यत्यय आणि ऋषीचा कोप, असा क्रम लागतो. आक्रोश ऐकू येणे ही मूकपटातील अडचणीची गोष्ट आहे. फाळके ती राजाच्या थांबण्याने व वळण्याने दाखवितात. ध्वनी नसतानाही ध्वनीची घटना घडते.

येथे एक आक्षेप संभवतो. कथा जर सर्वांस पाठ असेल तर लेखकाचे कर्तृत्व ते काय? हा आक्षेप आख्यानकवींवरही घेता येईल. मोरोपंतांच्या श्रोत्याला महाभारत नवे नव्हते. ज्ञात कथेच्या रचनाकाराचे काम घटना सांगण्याचे नसते. कोठे थांबावयाचे, काय गाळावयाचे आणि कशावर दृष्टी खिळवावयाची, हे ठरविण्याचे असते. फाळक्यांनी निवडलेल्या कथांची यादीच या दृष्टीने बोलकी आहे. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’, ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’: या प्रत्येक कथेचा कळस एखाद्या दृश्य कृतीत आहे. भस्मासुर स्वतःच्या मस्तकावर हात ठेवतो. मारुती शेपटीने नगर जाळतो. कृष्ण सर्पाच्या फणीवर उभा राहतो. पुराणांत वादविवाद, उपदेश व तत्त्वचर्चा यांचा काही तुटवडा नाही. फाळक्यांनी त्या भागाकडे पाठ फिरविली. शब्दाखेरीज ज्याचा कळस होऊ शकत नाही अशी कथा सहसा त्यांनी घेतली नाही. निवडीतील हा काटेकोरपणा लेखकाचा आहे.

५

‘राजा हरिश्चंद्र’नंतर फाळक्यांनी आपला कारखाना नाशिकला हलविला. शहराचे घाट, जुने वाडे, भोवतालचे डोंगर व रान हे त्यांच्या चित्रपटांचे नेपथ्य झाले. यामागे व्यवहाराची कारणे असतीलच. परंतु कथालेखनाशीही या स्थलांतराचा संबंध आहे. रामकथेतील पंचवटी जेथे आहे असे श्रद्धाळू मानतात, त्या गावी रामायणाचे चित्रण होत होते. गोदेचा काठ प्रेक्षकाला यमुनेचा वा शरयूचा काठ म्हणून पटविण्यास पाटीची गरज नव्हती. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. एकाच नटाच्या दोन रूपांना प्रेक्षकांनी भक्तिभावाने हात जोडले असे सांगितले जाते. नट कोण यापेक्षा खूण कोणती, यावर अर्थ अवलंबून असतो, हे यावरून दिसून येते.

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकमध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनीची स्थापना झाली, आणि तिच्या आरंभीच्या काळातच फाळक्यांची सर्वोत्तम रचना तयार झाली. १९१९ च्या ‘कालियामर्दन’चा बराच भाग सुदैवाने टिकला आहे. त्यात कृष्णाची भूमिका फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिने केली. चित्रपटाच्या आरंभी ती कृष्ण म्हणून येत नाही. साध्या वेशातील एक सात वर्षांची मुलगी म्हणून ती कॅमेऱ्यासमोर निरनिराळे भाव दाखविते, आणि मग त्याच जागी वेशभूषा केलेला बालकृष्ण अवतरतो.

या प्रस्तावनेचा अर्थ काय करावा? वात्सल्यापोटी बापाने मुलीचे कौतुक केले, असा अर्थ सोपा आहे. परंतु भाषाभ्यासकाच्या दृष्टीने येथे याहून अधिक काही घडते. फाळके प्रेक्षकास प्रथम वर्णमाला दाखवितात आणि नंतर तिच्यातून घडलेले वाक्य. भावमुद्रा हे सुटे वर्ण. कथा हा त्यांचा अन्वय. कीर्तनात पूर्वरंगात सूत्र मांडून उत्तररंगात आख्यान लावतात, त्याचीही ही आठवण आहे. शिवाय देव कसा घडविला हे उघड दाखवूनही भक्तिभावात उणेपणा येत नाही, असा विश्वास त्यामागे दिसतो. खुणेची कृत्रिमता लपविण्याची फाळक्यांस गरज वाटली नाही. शब्द आणि वस्तू यांचा संबंध सांकेतिक असला तरी व्यवहार अडत नाही, हा भाषेचाच धर्म आहे.

पुढील भागात कृष्णाच्या खोड्या येतात. रात्री घरात शिरून निजलेल्या जोडप्याचे केस एकमेकांस बांधणे ही त्यांतील एक. येथे कथा पुराणातून गावाच्या ओसरीवर उतरते, आणि फाळक्यांतील विनोदकार दिसतो. नंतर डोहाचा प्रसंग. पाण्याखाली कृष्ण व कालिया यांची झुंज आणि काठावर व्याकुळ झालेला जनसमुदाय, ही दोन दृश्ये आलटून पालटून दाखविली आहेत. “इकडे” आणि “तिकडे” या दोन अव्ययांनी मराठी आख्यानकार जे साधतो, ते येथे दृश्यांच्या अदलाबदलीने साधले आहे. काठावरच्या लोकांस आत काय चालले आहे ते दिसत नाही; प्रेक्षकास दिसते. पात्रांच्या अज्ञानात आणि प्रेक्षकाच्या ज्ञानात अंतर ठेवून त्यातून उत्कंठा निर्माण करणे हे कथालेखनाचे प्रौढ तंत्र होय. कृष्ण वर येणार हे प्रत्येकास ठाऊक आहे, तरीही तो वर येईपर्यंत प्रेक्षक अस्वस्थ राहतो.

६

ही रीत जितकी समर्थ, तितकीच परावलंबी होती. १९१९ मध्ये भागीदारांशी मतभेद होऊन फाळके कंपनीतून बाहेर पडले व काशीस गेले. तेथे त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले. समकालीन नाट्यव्यवसायावर टीका करणाऱ्या या नाटकास त्यांच्या चित्रपटांसारखा प्रतिसाद मिळाला नाही. शब्द हे प्रथमच त्यांचे मुख्य साधन झाले, आणि विषयही लोकस्मृतीबाहेरचा होता. पुढे ते नाशिकला व कंपनीत परतले. त्यांच्या नावावर एकंदर सुमारे ९५ चित्रपट व पंचवीसहून अधिक लघुपट सांगितले जातात. परंतु ‘कालियामर्दन’नंतरच्या रचनांत त्या तोडीचे नावीन्य असल्याचा लौकिक नाही.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्यास वाचा दिली. १९३२ मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला. त्याची कथा हरिश्चंद्राचीच होती, हा योगायोग अभ्यासकाने दुर्लक्षू नये. गोविंदराव टेंबे यांचा हरिश्चंद्र व दुर्गा खोटे यांची तारामती बोलतात, गातात, परस्परांस समजावितात. एकोणीस वर्षांपूर्वी जी कथा प्रेक्षकाने मनातल्या मनात आपापल्या बोलीत म्हणावयाची होती, ती आता पडदाच प्रमाण मराठीत म्हणू लागला. लाभ उघड आहे: पात्रास व्यक्तित्व आले. हानीही झाली. मूक हरिश्चंद्र ज्याच्या त्याच्या भाषेचा होता; बोलका हरिश्चंद्र एका भाषेचा झाला. म्हणूनच हा बोलपट मराठी व हिंदी असा दोनदा करावा लागला.

फाळक्यांचा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून तयार झाला आणि पुढे त्यास ध्वनी जोडण्यात आला. लिहून पूर्ण झालेल्या वाक्यास मागाहून उच्चार देण्यासारखाच हा प्रकार होता. त्यांचा एकमेव खराखुरा बोलपट म्हणजे कोल्हापुरास तयार झालेला १९३७ चा ‘गंगावतरण’. त्या वेळी त्यांचे वय ६७ होते. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. नाशिकमध्येच याच सुमारास एक तरुण लेखक चित्रपटाकडे वळला होता. वि. वा. शिरवाडकर यांनी १९३६ च्या ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली व त्यात लक्ष्मणाची भूमिकाही केली. चित्रपट अयशस्वी झाला. शिरवाडकरांची प्रतिभा पुढे कविता व नाटक यांत फुलली. एकाच गावातील या दोन कारकीर्दी परस्परांचे उलटे प्रतिबिंब आहेत. एकास शब्दाने वाट अडविली, दुसऱ्यास शब्दानेच ती दाखविली.

७

फाळक्यांच्या पद्धतीवरील गंभीर आक्षेप याहून वेगळा आहे. प्रेक्षकाच्या स्मृतीवर उभी असलेली संहिता ही ज्याची स्मृती तिच्याशी जुळते त्याच्यासाठीच पूर्ण असते. ज्याच्या घरी ही पुराणे सांगितली गेली नाहीत, किंवा ज्यास ती ऐकण्याच्या जागेपासून दूर ठेवले गेले, त्याच्यापुढे याच दृश्यांत मोकळ्या जागा राहतात. सर्वांस समजणारी भाषा म्हणून मूकपटाचा गौरव करताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. शिवाय स्मृतीवर विसंबणारा लेखक स्मृतीस धक्का देण्यास कचरतो. फाळक्यांच्या प्रमुख कृतींत सामाजिक विषय विरळ आहेत, आणि पुराणकथेची उलटतपासणी जवळजवळ नाही. ‘आगकाड्यांची मौज’मध्ये जे स्वातंत्र्य होते, जेथे कथा पूर्वज्ञानावाचून केवळ हालचालीतून जन्म घेत होती, ती वाट त्यांनी पुढे मुख्य निर्मितीत चालविली नाही. ती चालविली असती तर भारतीय सचेतपटास आपला पहिला कथालेखक तेव्हाच लाभला असता. एवढे मोजूनच त्यांच्या यशाचे मूल्य ठरवावे लागेल.

श्रेयाचाही एक प्रश्न आहे. सरस्वतीबाई फाळके यांनी फिल्म धुण्यापासून कलावंतांच्या भोजनापर्यंत कामाचा भार उचलला. नट, चित्रकार व कारागीर यांचे हात प्रत्येक चौकटीत आहेत. तेव्हा ‘लेखक’ हे पद येथे एकट्याचे नाही, असे कोणी म्हणेल तर ते मान्य करावे. तरीही कोणती कथा घ्यावयाची आणि ती कोणत्या क्रमाने दाखवावयाची, या दोन निर्णयांवर एकाच मनाची मुद्रा आढळते, आणि लेखकत्व ओळखण्यास तेवढे पुरेसे आहे.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजी फाळके नाशिकमध्ये निवर्तले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे. सन्मानात उणीव राहिलेली नाही. वाचनात राहिली आहे. ज्या विद्यापीठीय विभागांत आख्यानकाव्याची एकेक आर्या तपासली जाते, तेथे ‘कालियामर्दन’ची उपलब्ध रिळे संहिता म्हणून क्वचितच समोर ठेवली जातात. ती ठेवली पाहिजेत. बहुतेक कृती नष्ट झाल्या असता जे थोडे शिल्लक आहे त्याचा दृश्यवार पाठ तयार करणे, पाट्यांच्या भाषेची नोंद करणे, कीर्तन व चित्रकथी यांच्या कथनरीतीशी त्याची तुलना करणे, ही कामे पदव्युत्तर अभ्यासकाच्या आवाक्यातील आहेत. नकाशात नाशिकचा उल्लेख चित्रपटाचे जन्मस्थान म्हणून होतो. त्या जन्माबरोबर मराठी मुलखात कथनाची एक निःशब्द रीतही जन्मास आली होती, हे त्या कामातून सिद्ध करता येईल.